घाटाआधीचा हात

मुंबईकडे जाताना कसारा घाट कुठलीही गाडी उतरते, खटारासुद्धा. गाडीची खरी तब्येत कळते ती येताना, चढावर, जेव्हा मागे माणसं पेंगत असतात आणि समोरचा ट्रक बैलगाडीच्या चालीने चढत असतो. तिथे तापमानाचा काटा वर सरकायला लागला की बाजूला घेऊन बॉनेट उघडून बसण्यावाचून इलाज नसायचा. म्हणून त्या काळी नाशकातल्या बऱ्याच लोकांची एक रीत होती. मुंबईला निघालेला माणूस द्वारका चौकाजवळ आमच्या गॅरेजच्या शेडपुढे गाडी उभी करायचा आणि स्टिअरिंगवरूनच म्हणायचा, "अण्णा, जरा हात लावून द्या." अण्णा म्हणजे माझे वडील. ते हातातलं काम खाली ठेवून यायचे, बॉनेट उघडायचे आणि चालू इंजिनासमोर वरच्या रबरी पाइपला उजवा हात आणि खालच्या पाइपला डावा हात लावून डोळे मिटून उभे राहायचे. मग इंजिन बंद करायला सांगून रेडिएटरवरून तळवा फिरवायचे, तापाच्या पोराच्या अंगावरून फिरवतात तसा. शेवटी "जा" म्हणायचे, नाहीतर "आज नका जाऊ". याच्या पलीकडे स्पष्टीकरण नसे, आणि ते मागायची कुणाची हिंमतही नसे.

मला मात्र स्पष्टीकरण मिळालेलं होतं. नऊ-दहा वर्षांची असताना त्यांनी मला लाकडी खोक्यावर उभं करून माझे हात त्या दोन पाइपांवर ठेवले होते. इंजिनात तापलेलं पाणी वरच्या पाइपने रेडिएटरमध्ये येतं, त्याच्या बारीक नळ्यांमधून उतरता उतरता वाऱ्याने निवतं आणि खालच्या पाइपने पुन्हा इंजिनात जातं. वर कडक आणि खाली कोमट असेल तर सगळं ठीक. वर कडक आणि खाली गार असेल तर पाणी वाटेत कुठेतरी अडलंय. आणि इंजिन उकळतंय तरी वरचा पाइपसुद्धा गार असेल, तर पाण्याला वाट देणारा वॉल चिकटलाय. "काटा कधी कधी खोटं बोलतो सुमे," ते म्हणायचे, "पाणी पार संपलं तर काटा खाली बी येतो. मानसाला वाटतं, झाली गाडी गार. हात खोटं नाय बोलत." आमच्या घरातली ही श्रुती, स्मृती आणि पुराणं. बाकी देवधर्म आई बघायची.

शेडच्या मागे आमच्या दोन खोल्या होत्या. मधे एकच भिंत, तीही विटेची, त्यामुळे गॅरेज आणि घर हे वेगळं असं कधी नव्हतंच. आई चुलीसमोर बसून आवाजावरून सांगायची की बाहेर काय चाललंय. पाना सिमेंटवर पडला तर तो कितीचा पाना ते तिला कळायचं. इंजिन चालू होऊन एका लयीत आलं की ती भाकरी थापायला घ्यायची, कारण आता दहा मिनिटांत जेवायला येणार. फोडणीचा वास आणि ऑइलचा वास एकत्र मिळून जो एक वास होतो, तो मला अजूनही घराचा वास वाटतो, आणि हे मी माझ्या सुनेला सांगितलं तेव्हा तिने नाक मुरडलं. थंडीत आई शेंगोळे करायची. कुळथाच्या पिठाचे ते वळलेले तुकडे लसणाच्या रश्शात रटरटत असले, की अण्णा आणि सलीमभाई हात धुवायच्या आधीच पाटावर येऊन बसायचे आणि आई त्यांना उठवून मोरीकडे पाठवायची. हात धुणं म्हणजे आधी रॉकेल, मग कपड्याची पावडर, मग साधा साबण. तरी नखांच्या कडा काळ्याच.

सलीमभाई मालेगावचे. अण्णांकडे ते कधी आले ते मला आठवत नाही, म्हणजे माझ्या जन्माआधी आले असणार. उंच, किडकिडीत, तोंडात कायम लवंग. अण्णा बोलायचे कमी आणि सलीमभाई तर त्याहून कमी. दोघांमध्ये दिवसभरात पन्नास शब्द झाले तर खूप. अण्णांनी गाडीला हात लावून "जा" म्हटलं की सलीमभाई नेहमी बॉनेट लावायला पुढे व्हायचे, आणि लावण्याआधी एकदा आत वाकून बघायचे. मला वाटायचं, माणूस टापटिपीचा आहे, हत्यार आत राहिलं नाही ना ते बघतो.

बाकीचे मिस्त्री इंजिन तापतंय म्हटलं की पहिल्यांदा वॉल काढून फेकून द्यायचे. त्या काळी ती फॅशनच होती, आपल्याकडे उष्ण हवा, वॉल लागतो कशाला म्हणून. अण्णांना त्याचा राग यायचा. दार अडकतं म्हणून दारच काढून ठेवायचं का, म्हणायचे. ते वॉल खोलून घरात आणायचे आणि आईच्या पातेल्यात पाण्यात सोडून स्टोव्हवर ठेवायचे. पाणी तापत आलं की वॉलने आपोआप तोंड उघडायला हवं. आम्ही सगळे डोकी जोडून पातेल्यात बघत बसायचो. शेजारीण आली तर आई सांगायची, "वॉल शिजायला ठेवलाय, बसा." उघडला की अण्णा उकळत्या पाण्यात सरळ दोन बोटं घालून तो बाहेर काढायचे. चिमटा शेजारी पडलेला असायचा, पण ते तसेच काढायचे.

हे एवढं मी सविस्तर लिहिते आहे, कारण पुढचं लिहायला हात रेटत नाही.

माझ्या कॉलेजच्या दिवसांत अण्णांच्या हाताची कीर्ती फार वाढली होती. अण्णांच्या हाताला चटका लागत नाही, असं लोक सांगायचे. निखाऱ्यावर फुगलेली भाकरी ते बोटांनी उचलून घ्यायचे. तापलेल्या रेडिएटरचं झाकण, ज्याला आम्ही चार पदरी फडकं गुंडाळायचो, ते अण्णा उघड्या तळव्याने दाबून फिरवायचे. ट्रक ड्रायव्हर मुद्दाम थांबून हे बघायचे. आईला याचा अभिमान होता. "तीस वर्सं आगीत घातलेत हात, पक्के झालेत," ती म्हणायची. मला तर आईहून जास्त अभिमान होता. मैत्रिणींना मी घरी आणून दाखवलं होतं. एकदा त्यांच्या तळव्यावर लिंबाएवढा फोड आला, आईने विचारलं तेव्हा त्यांनी हात उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "हा कवा आला काय म्हाईत." आम्ही हसलो. त्याच सुमारास त्यांची चप्पल चालता चालता पायातून निसटायची आणि ते तसेच चार पावलं पुढे जायचे. मी मागून ओरडायचे, "अण्णा, चप्पल." त्यावरही आम्ही हसायचो. अण्णांचं ध्यान सगळं इंजिनात, असं आम्ही म्हणायचो. आज कुठल्याही दवाखान्यातली नर्स हे ऐकून पटकन रक्त तपासायला सांगेल. आम्ही शहाणी माणसं त्याला तपश्चर्या समजत होतो.

त्या वर्षी थंडी सरता सरता देवरे मास्तर आमच्याकडे येऊ लागले. ते सटाण्याचे, निवृत्त हेडमास्तर, टोपी सरळ आणि बोलणं त्याहून सरळ. मेव्हण्याकडून घेतलेली एक जुनी, पांढरी, बोजड गाडी त्यांच्याकडे होती. त्यांच्या बायकोला, सगळे त्यांना नानी म्हणत, छातीची गाठ झाली होती आणि मुंबईला दर सोमवारी उपचाराला न्यावं लागायचं. रविवारी दुपारी सटाण्याहून निघून नाशकात मुक्काम, सोमवारी पहाटे मुंबई, औषध टोचून झालं की संध्याकाळपर्यंत परत. औषधाने नानींना उलट्या व्हायच्या, डोक्यावरचे केस गेले होते, त्या पदर कपाळापर्यंत ओढून बसायच्या. एस.टी.ने ते जमणारं नव्हतं. त्या गाडीवर त्यांचं सगळं अवलंबून होतं. आणि गाडी सपाटीला ठीक चालायची, घाट चढताना उकळायची.

पहिल्या रविवारी अण्णांनी हात लावला. वर कडक, खाली कोमट, बरोबर आहे म्हणाले. पंख्याचा पट्टा सैल होता, तो ताणून दिला. सोमवारी येताना गाडी घाटात उभी राहिली. दुसऱ्या रविवारी अण्णांनी वॉल काढला, आईच्या पातेल्यात घातला, तो जरा उशिरा उघडला म्हणून नवा बसवला. पुन्हा हात लावला, पुन्हा "जा". त्या सोमवारी गाडी घाटात दोन तास उभी होती. नानी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसल्या होत्या आणि येणारे-जाणारे ट्रकवाले त्यांना पाणी देत होते, असं मास्तरांनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून ते ऐकवेना. अण्णा त्या आठवड्यात धड जेवले नाहीत. शेजारच्या पानवाल्याने मला विचारलं, "काय गं, अण्णांचा हात बिघडला का?" मी त्याला फाडून खाल्लं. घरात हे कुणी बोलत नव्हतं, पण आम्हा सगळ्यांना माहीत होतं, की अण्णांच्या त्या हाताशिवाय आमच्याकडे मिरवण्यासारखं काहीच नव्हतं. शेड भाड्याची, शिक्षण चौथीपर्यंत, पाटी नाही, नाव नाही. हात होता. आणि सलीमभाई नेमके त्या महिन्यात नव्हते. थोरल्या मुलीच्या लग्नासाठी मालेगावला गेले होते.

तिसरा रविवार. सकाळीच मास्तर आले, दुपारपर्यंत थांबायची त्यांची तयारी नव्हती. नानींना आईने शेडच्या सावलीत खुर्ची दिली आणि ताक आणून दिलं. ते त्यांनी नुसतं हातात धरून ठेवलं. दोन ट्रक ड्रायव्हर, पानवाला आणि हवा भरायला आलेला एक सायकलवाला असे चौघे उगाच उभे होते, कारण अण्णा तिसऱ्यांदा त्याच गाडीला हात लावणार ही बातमी झाली होती. अण्णांनी गाडीची पुढची जाळीसुद्धा काढून ठेवली होती. द्वारकेपासून देवळालीपर्यंत गाडी फिरवून आणली, काटा वर चढवला, इंजिन बंद केलं आणि उघड्या रेडिएटरवरून तळवा फिरवला. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. मी चहाचे कप घेऊन मागेच उभी होते.

"काय नाय मास्तर," अण्णा म्हणाले. "सगळीकडं सारखं गरम हाय. रेडिएटर साफ हाय."

मास्तर टोपी काढून हातात घेऊन म्हणाले, "अण्णा, रागावू नका. मागच्या वेळीही तुम्ही असंच म्हणालात. माझं काही नाही हो, पण हिला आता बसवत नाही."

"हात लावून सांगतोय मी."

मी चहाचा ट्रे मडगार्डवर ठेवला आणि सहज, अगदी सहज, लहानपणच्या सवयीने हात पुढे करून रेडिएटरला लावला. वरचा भाग भाजत होता. हात खाली सरकवला तर खालची डावी बाजू माठासारखी गार होती. सांगायला शाळा-कॉलेजची गरज नव्हती, पाणी त्या बाजूला पोचतच नव्हतं. पण मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, उष्णतेच्या पेपरात वर्गात पहिली आले होते आणि जगात मला न कळणारं काही उरलेलं नाही अशी माझी खात्री होती. मी हसले. हे मला लिहायचं नव्हतं, पण मी हसले.

"अण्णा, सारखं कुठे आहे? हे तर गार आहे. अर्धा रेडिएटर गार आहे," मी म्हणाले, चांगलं मोठ्याने, गुरुजींची चूक सापडलेल्या पोराच्या आवाजात.

"कुठं?"

मी त्यांचं मनगट धरलं. त्यांचा तळवा वरच्या भागावर दाबला आणि म्हणाले, "हे गरम." मग खाली नेला. "हे गार. कळतंय का?" बालवाडीतल्या मुलाला शिकवावं तसं मी त्या सगळ्यांसमोर दोनदा केलं. दुसऱ्यांदा त्यांचा हात माझ्या हातात जड झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, दमलेलं पाहिलं होतं, पण घाबरलेलं तोवर कधी पाहिलं नव्हतं.

"मला दोनी सारखंच लागतंय गं, सुमे," ते हळूच म्हणाले.

हवा भरायला आलेला माणूस हवा न भरताच निघून गेला. तेवढ्यात खुर्चीवरून नानी बोलल्या. इतक्या दिवसांत त्या आमच्यापैकी कुणाशी पहिल्यांदाच बोलत होत्या. "भाऊ, मना हातनंबी आसंच शे," त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. "औषध सुरू व्हयनं तवपाईन. चटका लागस, पन समजत नही. डॉक्टरले दखाडा." त्यांनी ताकाचं भांडं मांडीवर ठेवून आपली, औषधाने बधिर झालेली बोटं पुढे धरली, जणू पुरावा म्हणून. त्या बाईला अण्णांच्या चुकीपायी घाटात दगडावर बसावं लागलं होतं, आणि त्या शेडमध्ये त्यांना सांभाळून घेणारी ती एकटीच निघाली.

अण्णांनी चिंधीने हात पुसले. एक एक बोट, सावकाश. मग मास्तरांना म्हणाले, "रेडिएटर खोलावा लागंल. चूक माझी हाय. नानींना तरास झाला, माफ करा." आणि ते आत गेले. एक चप्पल शेडमध्येच राहिली होती. या वेळी मी हाक मारली नाही, ती उचलून उंबऱ्याशी नेऊन ठेवली.

दुरुस्ती अगदीच साधी निघाली. मी आणि मास्तर रेडिएटर खोलून भद्रकालीतल्या रेडिएटरवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने सांध्याचे कथलाचे डाग तापवून खालची टाकी उघडली तर आतून पिवळाधमक गाळ निघाला. रेडिएटरवाल्याने मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी माझ्याकडे. दिवाळीच्या सुमारास रेडिएटर थोडा गळत होता, तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी त्यात मूठभर हळद टाकली होती. जखमेवर चालते ती गळतीवर चालणार नाही का, असा साधा विचार. गळती थांबली होती. पण हळद आणि सटाण्याच्या बोअरच्या पाण्याचे क्षार मिळून खालच्या नळ्या बुजून गेल्या होत्या. रेडिएटरवाल्याने नळ्यांतून सळया घातल्या, तेजाबाच्या पाण्याने धुतलं, डाग दिले. चार वाजेपर्यंत रेडिएटर परत बसला. मी हात लावला. वर कडक, खाली कोमट, मधे सगळीकडे हळूहळू उतरत गेलेली ऊब. अण्णांना दाखवायला आत गेले तर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. "मास्तरांना सांग जा म्हनून," ते म्हणाले. ते शब्द मी बाहेर येऊन मास्तरांना सांगितले. बुधवारी पानवाल्याच्या फोनवर निरोप आला, की घाटात काटा मध्यावरून हलला नाही आणि नानी पूर्ण रस्ता झोपून आल्या. पानवाल्याने तो निरोप आमच्या दारात उभं राहून मोठ्याने सांगितला आणि वर म्हणाला, "पोरीचा हात बापाच्या वर गेला." त्याला ते कौतुक वाटलं. आईने आतून दार लोटून घेतलं.

सलीमभाई पुढच्या आठवड्यात मालेगावहून लग्नाची मिठाई घेऊन आले. शेडमध्ये पाय ठेवताच त्यांना सगळं समजलं, कारण अण्णा पहिल्यांदाच खुर्चीवर बसलेले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना थोडी शाबासकीची अपेक्षा होती, हेही कबूल करते. त्यांनी तोंडातली लवंग थुंकली.

"मला माहीत होतं बेटा," ते म्हणाले. "दोन साल झाले."

मला काही समजेना.

"बॉनेट कशाला लावायचो मी? ते हात लावायचे, मग मी गुपचूप हात लावायचो. त्यांचा अंदाज सही असला तर बॉनेट बंद. गलत असला तर मी बोलायचो, अण्णा, पट्टा बघून घेऊ का, अण्णा, एक मिनिट गाडी राहू द्या. ते समजून जायचे. बोलायचे, हां सलीम, बघ. बस." त्यांनी मिठाईचा पुडा माझ्या हातात दिला. "लग्नाला जाताना मी बोललो होतो त्यांना, गॅरेज बंद ठेवा. ते बोलले, लोक विचारतील का बंद."

"म्हणजे अण्णांना माहीत होतं?"

"त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. आम्ही कधी बोललो नाही." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तू बोलली ते बरोबर होतं. नाहीतर त्या बाईचं काय झालं असतं. पण बेटा, त्यांना आत बोलवून बोलायचं होतं."

आज चाळीसहून जास्त वर्षं मी या एका वाक्याचं उत्तर शोधते आहे. पुढे मी ओझरच्या कारखान्यात तपासणी विभागात लागले. दुसऱ्यांनी केलेल्या कामातली चूक शोधायची आणि तिच्यावर लाल खूण करायची, हेच माझं काम. त्यात मी चांगली होते, बढत्या मिळाल्या. तिथे कुणाची चूक सापडली, की मी आधी त्या माणसाला बाजूला घ्यायचे. लोकांना वाटायचं, बाई स्वभावाने मऊ आहे. घरच्यांनी मला समजावलंच आहे, की बोलले नसते तर अण्णांच्या रक्तातली वाढलेली साखर कळली नसती, डॉक्टरांनी तर सांगितलं, आणखी वर्षभर गेलं असतं तर पाय कापावा लागला असता. हे सगळं खरं आहे. मी बोलले याचं मला दुःख नाहीच. मी हसले होते आणि त्यांचं मनगट धरलं होतं, त्याचं आहे.

साखर किती होती ते ऐकून डॉक्टरांनीच डोक्याला हात लावला होता. बोटांच्या आणि पायांच्या शिरा मेल्या होत्या, त्या परत येणार नव्हत्या. अण्णांनी पथ्य नीट पाळलं, भाकरी मोजून खाल्ली, गोळ्या चुकवल्या नाहीत. पण त्यानंतर त्यांनी एकाही इंजिनाला हात लावला नाही. लोक सवयीने थांबायचे, म्हणायचे, "अण्णा, हात लावून द्या." ते खुर्चीवरून म्हणायचे, "सलीमला सांगा." मला वाटायचं, कधीतरी म्हणतील, सुमीला सांगा. मी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम शेडमध्ये घोटाळायचे. ते कधी म्हणाले नाहीत. रागावले होते असं नाही, माझ्याशी पहिल्यासारखंच बोलायचे, माझ्या लग्नात खूप रडले, नातवंडांना खांद्यावर घेतलं. फक्त मी जवळ असले की हात खिशात ठेवायचे. माणसाला थंडी वाजते तेव्हा ठेवतो, तसे. मे महिन्यातही.

आता माझा मुलगा गाडी तापली की मोठ्या वर्कशॉपमध्ये नेतो. तिथला मुलगा स्टिअरिंगखाली एक वायर जोडतो आणि हातातल्या पडद्यावर वाचून सांगतो, काय बिघडलंय ते. बॉनेट उघडायची बहुतेक वेळा गरजच पडत नाही. मला ते चांगलंच वाटतं. कुणाच्या हातावर काही अवलंबून नाही, त्यामुळे कुणाला हात लपवावे लागत नाहीत.

अण्णा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. शेवटी शेवटी साखर डोळ्यांवर गेली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं, आणि त्या दुसऱ्या वेळी दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. मी ओझरहून अर्धी रजा टाकून दवाखान्यात गेले. दुपारची वेळ होती, आई बाजूच्या बाकावर बसल्या बसल्या पेंगत होती, अण्णा उताणे पडले होते. झोपलेत असं वाटून मी आवाज न करता कॉटजवळच्या स्टुलावर बसले. त्यांचा उजवा हात चादरीवर होता. खिशात नव्हता. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा तो असा उघडा, माझ्यासमोर पडलेला होता. नखांच्या कडा आता स्वच्छ होत्या. मी तो हात दोन्ही हातांत घेतला आणि तशीच बसून राहिले. अर्धा तास तरी गेला असेल. मी बोटं कुरवाळली, तळव्यावर माझा गाल ठेवला, थोडी रडले, आणि मनातल्या मनात त्यांची जी माफी मागायची राहिली होती ती मागितली. मला वाटत होतं, त्यांना कळतंय.

मग ते जागेच असल्यासारखे स्पष्ट आवाजात आईला म्हणाले, "अगं, सुमी नाय आली का अजून?"

आई दचकून उठली. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या त्यांच्या हाताकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. मी मान हलवून तिला गप्प केलं. त्यांचा हात जसा होता तसा चादरीवर ठेवला, चपला हातात घेतल्या आणि अनवाणी पायांनी दारापर्यंत गेले. बाहेर जाऊन दार लोटलं. डोळे पुसले. चपला पायात घातल्या, कडी वाजवली आणि दार उघडून पावलं वाजवत आत आले.

"आत्ताच आले, अण्णा," मी म्हणाले. "बसला उशीर झाला."

"ये," ते म्हणाले. "उन्हाची आलीस. आधी पानी पी."